नवरदेवाची दाढी आणि माझे तीन ब्रश

माझ्याकडे दाढीचे तीन ब्रश आहेत आणि दाढी जेमतेम अर्ध्या ब्रशाची आहे.

म्हणजे हनुवटीवर थोडी, कल्ल्यांपाशी थोडी आणि मधल्या मुलखात नुसताच उजाड माळ. तरीही तीन ब्रश! तिन्ही बॅजरच्या केसांचे. बॅजर म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत तर मी रागावणार नाही. पण हाच प्रश्न पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत, भर मांडवात, घरात देवक बसलेलं असताना मला विचारला गेला आणि मी त्याचं सविस्तर उत्तर दिलं. त्यानंतर जे झालं त्याचा व्हिडिओ आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे. माझी बाजू मात्र कोणाकडेच नाही, म्हणून ती इथे मांडतो.

मी महाडचा. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये एकतीस वर्षं काढली. माल पास की नापास, एवढंच माझं काम. माझ्या सहीशिवाय एक पिंप कधी गेटबाहेर गेलं नाही. मग निवृत्त झालो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी लक्षात आलं, की आता पास-नापास करायला जगात काहीच उरलेलं नाही. आठवडाभर मी घरातली तूरडाळ, चहापूड आणि इस्त्रीवाल्याकडून आलेले कपडे तपासले. आठव्या दिवशी सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, तुम्ही मोबाइल बघा. काय वाट्टेल ते बघा. पण माझ्या डाळीत नाक खुपसू नका!"

मी मोबाइल बघितला. घात तिथेच झाला.

मोबाइलवर एक गोरा, गुळगुळीत गृहस्थ दाढीच्या ब्रशावर पंचेचाळीस मिनिटं बोलत होता. मी सबंध ऐकलं. मग परत ऐकलं. त्याचं सार असं, की बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांच्या तीन मुख्य प्रती असतात. सगळ्यात खालची 'प्युअर', मधली 'बेस्ट' आणि सगळ्यात वरची 'सिल्व्हरटिप'. (शुद्ध ते सगळ्यात हलकं आणि सर्वोत्तम ते मध्यम! अशी लेबलं मी पिंपांवर लावली असती तर कंपनीने मला निवृत्तीच्या आधीच घरी बसवलं असतं. पण त्या गृहस्थाचे गाल इतके गुळगुळीत होते, की शंका त्यांवर टिकेना.) प्युअरचे केस काळसर आणि जाड, गालावर खरखर लागतात. बेस्टचे बारीक, जरा नरम. आणि सिल्व्हरटिपची टोकं पांढरीशुभ्र, इतकी मऊ की ब्रश लागल्याचं गालाला उशिरा कळतं! शिवाय नुसता मऊपणा कामाचा नाही. टोक मऊ हवं, पण बुंध्यात ताठपणा हवा. पाणी धरून ठेवायला हवं, ऊब धरून ठेवायला हवी. एवढं सगळं जमलं, की तो ब्रश.

तीन महिन्यांत तिन्ही प्रती माझ्या न्हाणीघराच्या फळीवर ओळीने उभ्या राहिल्या. रोज सकाळी मी डोळे मिटून तिन्ही ब्रश गालावर फिरवायचो आणि कुठला कुठला ते ओळखायचो. दहापैकी दहा वेळा बरोबर! (ब्रश मीच उचलत होतो आणि मीच फिरवत होतो, ही बाब मला तेव्हा महत्त्वाची वाटली नाही.)

ज्ञान झालं की ते वाटावंसं वाटतं. सकाळी चवदार तळ्याभोवती फेऱ्या मारायला आमचा चौघांचा कंपू आहे. पहिल्या फेरीत मी त्यांना प्युअर समजावला, दुसरीत बेस्ट. तिसऱ्या फेरीपासून ते तिघे उलट्या दिशेने फिरायला लागले. जुलैत नदीचं पाणी बाजारपेठेत शिरल्याचा भोंगा झाला, तेव्हा मी सगळ्यात आधी ब्रश माळ्यावर नेऊन ठेवले. सुमन खाली धान्याच्या डब्यांपाशी उभी राहून म्हणाली, "मला सवडीने न्या हं! माझे केस काही चांदीचे नाहीत!"

"आहेत की," मी म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

अशात भाच्याचं लग्न ठरलं.

माझी धाकटी बहीण शालन पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत दिलेली आहे. भात, नाचणी, दोन म्हशी, एक गाय आणि गावात राहिलेली माणसं मोजकी, कारण अर्धी वाडी मुंबईला. तिचा निलेशही मुंबईत एका कुरिअरच्या गोदामात सुपरवायझर आहे. मुलगी नाते गावची. तिचे वडील रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला खाण्याचा स्टॉल चालवतात आणि ताटकळत बसणं त्यांच्या रक्तात नाही. हे पुढे फार नडलं.

आता वाडीतली पद्धत सांगतो. हळदीच्या दिवशी सकाळी नवरदेवाला मांडवात पाटावर बसवून त्याची दाढी गावच्या न्हाव्यानेच करायची. हा धोंडूकाकांचा मान. ती चालू असताना मामाने समोर बसून आरसा धरायचा. हा मामाचा मान. दाढी झाल्याशिवाय हळद नाही, आणि एकदा हळद लागली की लग्न लागेपर्यंत तोंडाला वस्तरा नाही. नवरदेवाची उष्टी हळद मग मुलीकडे जाते, ती पोचली की तिकडे मुलीला हळद लागते. म्हणजे इकडे डोंगरात दाढी अडली, की तिकडे नाते गावात सगळं घर पाटाभोवती ताटकळत बसलं!

शालनने फोनवर चारदा बजावलं. "दादा, तू नुसता आरसा धर हां. धोंडूकाका तापट हायत. काय बोलू नको."

"मी कशाला बोलू?" मी म्हणालो आणि तिन्ही ब्रश स्टीलच्या डब्यात भरले. माझ्या भाच्याच्या गालाला लग्नाच्या आदल्या दिवशी सिल्व्हरटिपच लागणार, हे मी मनात कधीच ठरवलं होतं.

"डब्यात काय आहे?" सुमनने विचारलं.

"माझ्या गोळ्या."

"एवढ्या?" असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं, पण एसटी सुटायची वेळ झाली होती.

हळदीची सकाळ. अंगणात आंब्याच्या टाहाळ्यांचा मांडव, मांडवाला लागूनच गोठा. बायका जात्याशी बसून गाणी म्हणत होत्या. हळदीची वेळ अकराची आणि खाली रस्त्यावर उष्टी हळद न्यायला टेम्पो उभा. नऊ वाजता धोंडूकाका आले. वय सत्तरीचं, अंगाने काटकुळे. पोलादपूरला एसटी स्टँडजवळचं सलून आता त्यांचा मुलगा बघतो, पण दर रविवारी आणि वाडीतल्या लग्नाला काका स्वतःच डोंगर चढून येतात. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. वस्तरा, तुरटी, पितळेची वाटी. आणि मग त्यांनी ब्रश काढला.

पिवळट पडलेली प्लॅस्टिकची मूठ, ती फुटू नये म्हणून तिला काळा दोरा गुंडाळलेला. केस मध्ये विरळ आणि कडेने फाकलेले. माझा हात आपोआप खिशात नापासचा शिक्का चाचपायला लागला. काकांनी तो ब्रश वाटीतल्या कोमट पाण्यात बुडवला, साबणावर फिरवला आणि निलेशच्या उजव्या गालाला फेस लावला. मी आरसा धरून चांगली तीन मिनिटं गप्प बसलो. (सुमनच्या मते वीस सेकंद.)

"काका," मी म्हणालो, "एक मिनिट थांबा. हा ब्रश डुकराच्या केसांचा आहे."

यात अपमान नव्हता, देवाशपथ! स्वस्तातले ब्रश डुकराच्या केसांचे असतात, हे त्या विद्येतलं बिगरीचं ज्ञान. पण जात्यावरची ओवी अर्ध्यात तुटली. पुढच्याच खुर्चीत भागोजीतात्या बसले होते. वाडीतलं सगळ्यात थोर माणूस, गळ्यात तुळशीची माळ, कांदासुद्धा खात नाहीत.

"कशाचा म्हनालात, मामा?"

"डुकराचा, तात्या."

तात्यांचा हात माळेवर गेला. दुसरा हात हळूहळू गालावर गेला. "म्हंजे धोंड्या... दर आयतवारी... माज्या तोंडावर..."

"मामा, प्लीज ना!" निलेश दातांतल्या दातांत म्हणाला. त्याच्या एका गालावर फेस होता, त्यामुळे तो अर्ध्याच तोंडाने बोलत होता. "टेन्शन नको ना देऊ यार!"

धोंडूकाकांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "आनि तुमचा कशाचा हाय?"

मी हेच विचारायची वाट बघत होतो! आरसा निलेशच्या मांडीवर ठेवला, डबा उघडला आणि तिन्ही ब्रश उपरण्यावर मांडले. "बॅजरचा."

"ते काय असतं?"

"प्राणी. आपल्याकडे नाही मिळत. परदेशातला." मांडवातली सगळी माणसं पुढे सरकली. एकतीस वर्षांत माझ्या रिपोर्टकडे कोणी इतक्या उत्सुकतेने बघितलं नव्हतं, त्यामुळे मला उभारी आली. "बिळात राहतो. रात्री बाहेर पडतो. नखांनी जमीन उकरतो. तोंड निमुळतं, पाय आखूड. मुळं, किडे, उंदीर, मिळेल ते खातो."

तात्यांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला. "घूस."

"घूस नाही, तात्या! बॅजर पुष्कळ मोठा असतो. कुत्र्याएवढा."

"म्हंजे मोठी घूस!"

"अगो बाय!" जात्यापाशी कोणीतरी ओरडलं. "घरात देवक बसलंय आनि मामा घुशी घेऊन आलं!"

"डबा भरून!"

दहा मिनिटांपूर्वी त्या मांडवात एक निरुपद्रवी ब्रश होता. आता एक डुक्कर होतं आणि तीन घुशी होत्या, आणि त्यांतलं काहीही नवरदेवाच्या तोंडाला लावायला कोणी तयार नव्हतं!

धोंडूकाकांनी पेटी मिटली. कडी लागल्याचा आवाज अंगणभर ऐकू आला. "वाडीतल्या पोरांची जावळं मी काढली," ते म्हणाले, "यांच्या बापांच्या दाढ्या याच मांडवात केल्या. कुनी विचारलं नाय, धोंडू, कशानं करतोस. आज मामांनी सगळ्या वाडीच्या तोंडाला डुक्कर लावलं. मी जातो. घुशी हायत, मामा हायत, करा तुमची तुमी." आणि पेटी उचलून ते मांडवाच्या कडेला जाऊन चपला शोधायला लागले.

तेवढ्यात शालनचा फोन वाजला. मुलीची आई. "होय ताई, निघतेच हाय हळद! ...होय होय, दाढी झालीच! ...हा, एकच गाल राहिलाय!" फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली नाही. तिचे डोळे भरले होते.

"दादा, तुला नुसता आरसा दिला होता रे," ती म्हणाली.

मला खरोखर लाज वाटली. या पोरीने चार वर्षं म्हशींचं दूध विकून लग्नाची तयारी केली होती आणि मी एका दमात काकांचा मान, तात्यांचा धर्म आणि नाते गावच्या सोयऱ्यांची वेळ, सगळं मोडीत काढलं होतं. मी तडक काकांपाशी गेलो. "काका, माफ करा. मी तुमच्याबद्दल नाही बोललो. तुमचा हात फार चांगला आहे. माझं चुकलं."

काका चप्पल घालता घालता थांबले. गोष्ट इथेच मिटली असती.

"फक्त," मी म्हणालो, "ब्रश डुकराचाच आहे."

सुमनने कपाळाला हात लावला.

काकांनी चप्पल परत काढली. "तुमाला कळतं काय, मामा, कंचा केस कसला ते?"

"नुसता गालाला लावून कळतं! डोळे मिटून सांगतो!"

"मंग मिटा डोळं," काका म्हणाले. "तीन येळा गालाला लावतो. तिनी वळखलंत, तर तुमी म्हनाल त्या केसानं पोराची दाढी करीन. नाय वळखलंत तर आरसा धरायचा आनि लग्न लागंस्तवर तोंड उघडायचं नाय."

"मंजूर!" मी म्हणायच्या आधीच सुमन म्हणाली.

दहाला वीस मिनिटं कमी होती. मला गोठ्याच्या कुडाला पाठ लावून स्टुलावर बसवलं आणि तात्यांनी स्वतःच्या उपरण्याने माझे डोळे करकचून बांधले. चारी बाजूंनी मोबाइल वर झाल्याचं मला न बघताही कळलं. मी मान ताठ केली. काळजी करायचं कारणच नव्हतं. न्हाणीघरातला माझा रेकॉर्ड शंभर टक्के होता.

पहिला ब्रश गालाला लागला. मी ओठ मुडपले. "राठ. टोकं बोथट. पाणी अजिबात धरत नाही. हा सरळ सरळ डुकराचा! काका, हा तुमचा!"

मांडवात कुजबुज झाली. मी त्याला कौतुक समजलो.

दुसरा ब्रश. "हां! हा बघा फरक. नरम आहे, फेस चांगला देतो. टोकं बारीक, पण कणा थोडा कमी. हा माझा मधला. बेस्ट!"

कोणीतरी खोकलं. मग जरा वेळ गेला. कसली तरी ओढाताण ऐकू आली, पाणी ओतल्याचा आवाज आला. "धर रे नीट!" असं तात्या कोणाला तरी म्हणाले. शेणाचा वास थोडा वाढला, पण गोठ्याला पाठ लावून बसल्यावर दुसरा कसला वास येणार!

आणि तिसरा ब्रश लागला.

काय सांगू! गाल वितळला. त्या गोऱ्या गृहस्थाने पंचेचाळीस मिनिटांत जे सांगितलं होतं ते सगळं त्या एका स्पर्शात होतं. "अहाहा!" माझ्या तोंडून गेलं. "ह्याला म्हणतात सिल्व्हरटिप! टोकं बघा, लोणी! आणि आत बुंधा कसा भक्कम! मागे वजन आहे. आणि ऊब! काका, ऊब जाणवते का तुम्हाला? नुसता गरम पाण्याचा गरमपणा नाही हा, आतून येतोय! ऊब धरून ठेवणं हीच खरी खूण!"

ब्रश आपणहून डाव्या गालावरून उजव्या गालावर आला. मग कानावर. मग परत डाव्या गालावर.

"काय समतोल आहे!" मी म्हणालो. "हाताला काही कष्टच नाहीत! आपला आपण फिरतो!"

"हम्माऽऽ," ब्रश म्हणाला.

मी उपरणं ओढून काढलं. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर शालनच्या गाईची बारा दिवसांची कालवड पाठमोरी उभी होती. नाव सोनी. तिचं तोंड तात्यांनी धरलं होतं, पोट निलेशने (अजून एका गालाला फेस!), आणि शेपटीचा साबणाने धुतलेला पांढरा गोंडा धोंडूकाकांच्या हातात होता. म्हणजे मघापर्यंत होता. काकांनी तो मघाशीच सोडून दिला होता आणि पुढची दाढी सोनी स्वतःच्या मनाने करत होती!

हसून हसून बायका जात्यावर आडव्या झाल्या. निलेश तर त्या अर्ध्या फेसाने जमिनीवरच बसला. शालनसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती, आणि खरं सांगतो, तिला हसताना बघून माझा अर्धा अपमान तिथल्या तिथे उतरला. उरलेला अर्धा काकांनी पुढच्या मिनिटात वसूल केला.

"पयला कंचा होता सांगू?" त्यांनी माझा सिल्व्हरटिप उचलून दाखवला. माझा! सगळ्यात वरचा! जो मी डुकराचा म्हणून नापास केला होता!

"कोरडा लावलात तुम्ही!" मी ओरडलो. "आधी भिजवावा लागतो!"

"आनि दुसरा हा." त्यांनी आपला दोरा गुंडाळलेला ब्रश वर धरला. "बेस्ट."

पण भागोजीतात्या हसत नव्हते. त्यांची माळ परत मुठीत गेली होती. "धोंड्या, ते ऱ्हाऊ दे. तो डुकराचा हाय का नाय, तेवढं सांग."

काकांनी त्या ब्रशाचा एक केस उपटला, काडी पेटवली आणि केस ज्योतीवर धरला. केस आखडला, वितळला आणि त्याचा काळा थेंब होऊन खाली पडला. वास आला तो प्लॅस्टिकचा. "नायलन हाय, तात्या. म्हाडच्या बाजारातला. केस असता तर जळला असता, करपट वास सुटला असता."

तात्यांनी गालावरून हात फिरवला, डोळे मिटून नमस्कार केला आणि माळ सोडली. एका काडीत सगळ्या वाडीची तोंडं शुद्ध झाली.

आणि मी? केस जळतो, नायलॉन वितळतं, ही चाचणी मी एकतीस वर्षं नव्या पोरांना शिकवली होती! लॅबमध्ये, पांढरा कोट घालून, फळ्यावर आकृती काढून. "वासावर जाऊ नका, ज्योतीवर जा," असं मीच सांगायचो.

काकांनी पेटी उघडली. दाढी सहा मिनिटांत झाली. वस्तरा निलेशच्या गालावरून असा काही गेला, की एक ओरखडा नाही, एक थेंब रक्त नाही. मी समोर आरसा धरून बसलो होतो. एक शब्द बोललो नाही. माझ्या दोन्ही गालांवर आणि एका कानावर सोनीने लावलेला फेस वाळत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता, आणि नंतरच्या धांदलीत पुसायचं राहूनच गेलं. अकराच्या ठोक्याला हळद लागली. टेम्पो उष्टी हळद घेऊन डोंगर उतरला आणि साडेबाराला शालनचा फोन वाजला. "पोचली!" ती मांडवभर ओरडली, आणि जाता जाता तिने माझ्या वाळलेल्या गालावर हळदीचं बोट ओढलं.

काका निघायच्या बेतात होते. माझ्याकडे बघून थांबले. "बसा, मामा. फेस लागलाच हाय, तर पुरी करून देतो." आणि त्यांनी तोच दोरा गुंडाळलेला ब्रश ऊन पाण्यात बुडवला, निवांत दोन मिनिटं तसाच ठेवला आणि मग माझ्या गालावर फिरवला. खोटं कशाला बोलू, फार मऊ लागला. मी तोंड उघडणार नव्हतो, पण माझ्या भुवया वर गेलेल्या त्यांनी बघितल्या.

"ऊन पान्यात ठेवायचा आनि हात हलका ठेवायचा," ते म्हणाले. "मंग नायलन बी गालाला टोचत नाय." (हे वाक्य त्या गुळगुळीत गृहस्थाने पंचेचाळीस मिनिटांत एकदाही उच्चारलं नव्हतं.)

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. प्युअरने सुमन शिलाई मशीनमधला कचरा काढते. बेस्ट मिक्सरच्या खाचांत फिरतो. सिल्व्हरटिप मात्र मी अजून वापरतो, भिजवून, आणि डोळे उघडे ठेवून. निलेशच्या लग्नाच्या वाढदिवसाला तो व्हिडिओ नियमाने फिरतो आणि तळ्यावरचे ते तिघे आता माझ्याच दिशेने फिरतात, मध्येच एकजण "हम्माऽऽ" करतो. पण एक गोष्ट मी आजही मानायला तयार नाही. तिसऱ्या ब्रशाबद्दलचा माझा निकाल चुकला नव्हता! मऊ टोक, भक्कम बुंधा, ऊब, वजन, सगळं होतं. फक्त तो ब्रश अजून मालकिणीच्या अंगाला जोडलेला होता, एवढंच.

परवा शालनकडे गेलो होतो. सोनी आता चांगली थोराड झाली आहे. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी गोठ्यात गेलो, तिच्या शेपटीचा गोंडा हातात घेतला आणि डोळे मिटून गालाला लावला. पूर्वीची मजा राहिली नाही. जरा राठ झाला आहे. सिल्व्हरटिप तर नाहीच, फार तर बेस्ट. तसं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा.

तिने सणसणीत लाथ मारली. इतकी वर्षं मी माल नापास करत आलो, पण मालाने मला नापास करण्याची ही पहिलीच वेळ.